इथेनॉलचा पैसा : शेतकऱ्याचा वाटा कुठे आहे?



म्हैसूर-बंगळूर मार्गावर मंड्याच्या आसपास गाडी उसाच्या शिवारातून जाते. देशातला ऊस आता नुसता चहात जात नाही, पेट्रोलमध्येही जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. परदेशी तेलाचा खर्च वाचावा आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत, हे हेतू चांगले आहेत. आमचा त्यांना विरोध नाही. आमचा प्रश्न वाटणीचा आहे.

इथेनॉलचा दर सरकार लिटरमागे ठरवून देते. २०२२-२३ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे दर होता. गिऱ्हाईक ठरलेले, दर ठरलेला. शेतकऱ्याची एफआरपी मात्र साखरेच्या उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. त्यातूनही तोडणी-वाहतूक कापली जाते. इथेनॉलचे उत्पन्न वाढले म्हणून एफआरपी आपोआप वाढत नाही.

जोखीम मात्र शेतकऱ्याच्या दारापर्यंत येते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर महागेल म्हणून केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधन घातले. कारखान्याचा हिशेब अडला की पहिले थकते ते उसाचे बिल. चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम १९६६ च्या आदेशात आहे. तरी थकबाकीसाठी मोर्चे काढावे लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातला ऊस उत्पादक दरासाठी रस्त्यावर बसला, तेव्हा कुठे कर्नाटक सरकारने टनाला ३,३०० रुपयांचा तोडगा काढला.

उत्पादकता वाढली तर तिचा वाटा राबणाऱ्याला मिळाला पाहिजे, हे तत्त्व रेल्वे व टपाल कामगारांनी बोनसच्या रूपाने मान्य करून घेतले. तेच तत्त्व उसाला का नको? साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असे रंगराजन समितीने २०१२ सालीच सुचवले होते.

आपल्यापैकी अनेकांच्या पगारातून गावाकडची पेरणी होते. तिथला ऊसदर पडला की भार आपल्याच मनीऑर्डरवर येतो. म्हणून आमची मागणी आहे : इथेनॉलचे उत्पन्न ऊसदराच्या हिशेबात धरा, चौदा दिवसांचा नियम कडकपणे पाळा आणि ऊसतोड मजुराची मजुरीही त्याबरोबर वाढवा. शेतकरी संघटनांच्या या लढ्यात आपल्या शाखांनी खांद्याला खांदा लावून उभे राहावे.