गळ घालायला गेलो, त्याची गोष्ट

वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी दरवर्षी एक गंमत सांगतो. 'गळ घालणे' म्हणजे आग्रहाने विनवणे आणि 'गळाला लागणे' म्हणजे दुसऱ्याच्या डावात सापडणे. विनवणारा मनुष्य हात जोडून उभा असतो, पण भाषेला मात्र त्या जोडलेल्या हातांतला आकडा दिसत असतो! मुले हसतात, वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत दोन्हींचे अर्थ बिनदिक्कत उलटे लिहितात. त्यांच्यावर रागावण्याचा माझा अधिकार गेल्या दिवाळीत संपला. कारण मी स्वतः एकाला गळ घालायला म्हणून गेलो आणि त्याच्याच गळाला लागून परत आलो.

त्याचे असे झाले. माझे मामा सांगलीच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावी राहतात. हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. आता सत्तरी उलटली आहे. २००५ च्या पुराने त्यांच्या घराला पहिला दणका दिला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी, तेथे पाणी ५७ फुटांवर गेले आणि मामांच्या सोप्यातली खुर्ची माजघरात तरंगू लागली. २०२१ ला पुन्हा तेच. त्यातच मामांना काचबिंदू झाला. समोरचे तेवढे दिसते, बाजूचे नाही, आणि दिवेलागणीनंतर तर सगळा अंदाजाचाच कारभार. माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याने मला फोन केला. "दादा, तू मराठीचा प्रोफेसर. तुझे बोलणे बाबा ऐकतात. घर विकून इकडे या म्हणावे. तेवढी गळ घाल."

मराठीच्या प्राध्यापकाचे बोलणे कोणी ऐकते, हे मला तरी नवीनच होते. पण त्या एका वाक्याने मी फुगलो आणि वसुबारसेला एस.टी.त बसलो. आमच्या कुटुंबाने निघताना एवढेच म्हटले, "मामंजींना समजावायला जाताय की मासे खायला, ते आधी ठरवा."

घरी पोचलो तो मामी स्वयंपाकघरात परातीत काहीतरी मळत होत्या. मला वाटले, चकल्या. वाकून पाहिले तर हिंगाचा आणि लसणीचा असा भपकारा आला, की दोन पावले मागे सरलो.

"ही तुमच्या मामांच्या पाहुण्यांची चकली," मामी म्हणाल्या. "घरच्यांचा फराळ उद्यापासून."

पाहुणे म्हणजे ओढ्यातल्या शिंगट्या. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवर व दोन्ही कल्ल्यांमागे एकेक टोकदार काटा, असा हा मासा. त्याचाच मोठा भाऊ शिंगाळा आणि चुलतभाऊ मागूर. मामांचा पन्नास वर्षांचा नाद हा. कृष्णेत मगरी आहेत, म्हणून ते नदीवर बसत नाहीत. गावामागच्या ओढ्यावर एक बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला गुडघाभर पाणी दिवाळीपर्यंत टिकते. तेथे त्यांची बैठक.

मामींच्या परातीचा विधी सांगतो. वाचकांपैकी कोणाला उपयोगी पडेल. दोन वाट्या कणीक, एक वाटी शेंगदाण्याची पेंड, ठेचलेला लसूण, चिमूटभर हिंग. हे घट्ट मळून त्याचे मुटके करायचे, ते उकडायचे आणि निवले की पुन्हा मळायचे. मळताना त्यात कापसाचे तंतू पिंजून घालायचे, म्हणजे गोळी पाण्यात फुटत नाही. गोळी फार घट्ट झाली तर पाण्यात तिची चव उतरत नाही. फार सैल झाली तर गळ पाण्यात आणि गोळी गाळात. हळूहळू विरघळली पाहिजे, पण सुटता कामा नये. "मुलांना शिकवण्यासारखेच आहे ते," मामा ओसरीवरून म्हणाले.

मामींनी त्या गोळ्याचे दोन भाग केले आणि एकात सुकटीची पूड घातली. माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थच मांस. म्हणून तर आपण सामिष आणि निरामिष जेवण म्हणतो. तेव्हा नुसत्या कणकेची गोळी हे झाले निरामिष आमिष! हा विनोद मी मोठ्याने सांगितला. मामी म्हणाल्या, "असेल. पण सुकटीची जरा लवकर उचलतात."

त्याला कारण आहे. या माशांची चव घेण्याची तऱ्हा आपल्यासारखी नाही. आपल्या तोंडात रुचिकलिका असतात काही हजार. अमेरिकेत ज्याला चॅनेल कॅटफिश म्हणतात, त्या याच गोतातल्या माशाच्या अंगावर त्या लाखाहून अधिक असतात. मिशांवर तर दाटीने असतातच, पण शेपटीपर्यंतच्या कातडीवरही पसरलेल्या असतात. म्हणजे तो मासा नव्हेच, पोहणारी जीभ! मांसातली, सुकटीतली, पेंडीतली प्रथिने कुजू किंवा विरघळू लागली की त्यांचे घटक पाण्यात उतरतात आणि मासा त्या चवीच्या वाटेने काळोखात चालत येतो. म्हणून अमेरिकेतले शौकीन जुने वास मारणारे चीज आणि कोंबडीची काळजी यांची आमिषे बनवतात, आणि बंगाली बाबू पाण्यात टाकायच्या 'चारा'साठी मसाले भाजीत बसतो. जिभेवर ताबा ठेवा, असे संत आपल्याला सांगून गेले. मिशांपासून शेपटीपर्यंत जीभच असलेल्याने काय करावे?

संध्याकाळी आम्ही निघालो. मामांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी. बंधाऱ्याजवळ येताच त्यांनी मला चपला काढायला लावल्या. "धप्धप् चालू नकोस. त्यांना ऐकू येते." हेही खरेच. या माशांत आणि रोहू-कटल्याच्या कुळात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती १८२० साली दाखवून दिली. काठावरचे जड पाऊल त्या साखळीतून थेट कानात वाजते. मामांनी वेबरचे नाव ऐकलेले नाही. पण अनवाणी चालण्याचा नियम त्यांनी पन्नास वर्षे पाळला आहे.

पाण्याकडे पाहून मी म्हणालो, "मामा, एवढ्या उथळ पाण्यात काय मिळणार?"

"दिवसा काही नाही. दिवसा ती खाली डोहात, कपारीत पडून असते. दिवे लागले की चरायला काठाशी येते. झिंगे, किडे, गांडुळे सगळी काठालाच. माणसे जेवायला स्वयंपाकघरात येतात, दिवाणखान्यात नाही बसत."

त्यांनी गळाला गोळी लावली ती बोटांच्या अंदाजाने. शिसे लावले नाही. उथळ, संथ पाण्यात गोळी तळाशी नुसती पडली तरी पुरे. भेंड नव्हते. पूर्वी असे, आता दिसत नाही म्हणून काढून टाकले. दोर तर्जनीवरून घेऊन ते स्वस्थ बसले.

"तिला तरी कुठे दिसते?" ते हलकेच म्हणाले. "गढूळ पाण्यात ती मिशांनीच वाचते. आम्ही दोघे आता एका इयत्तेत."

मी गप्प झालो. ज्यासाठी आलो होतो ते बोलायला ही वेळ चांगली की वाईट, ते कळेना. म्हणून मी विद्वत्तेचा आसरा घेतला. त्यांना 'मानसोल्लास' ग्रंथाची गोष्ट सांगितली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास तो संस्कृतात रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख त्यात आहे, म्हणून आम्ही मराठीवाले त्याचे नाव घेतो. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांतले खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते, कोणाला कोणता चारा घालावा, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा, सगळे राजाने बैजवार सांगितले आहे.

"राजा स्वतः बसत असे?"

"हौस होती म्हणायची."

"मग गोळ्या कोण मळत असे ते लिहिले आहे का?"

ते काही मला आठवेना. मामा हसले. "नसणारच. लिहिणारा कधी मळत नाही."

इतक्यात त्यांनी दोर माझ्या बोटावर दिला. टुक् झाले. मी झटका मारला. रिकामा गळ वर आला. पुन्हा लावला, पुन्हा टुक्, पुन्हा झटका, पुन्हा रिकामा.

"अरे, ती चाखते आहे अजून," मामा म्हणाले. "आधी मिशीने शिवते, मग ओठाने. तोवर दम धरायचा. दोर सरळ चालू लागला की उचलायचे. तू दुपारी आल्यापासून असेच करतो आहेस. चहाच्या वेळी पुण्याच्या दवाखान्याचे बोललास, हात धुताना पुराचे बोललास. मी काय, चाखूही नको?"

मला ओशाळल्यासारखे झाले. म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते.

"तुझ्या भावाने पाठवले ना? आमिष चांगले निवडले त्याने. भाच्याला मी नाही म्हणणार नाही, हे त्याला माहीत आहे."

पुढचा अर्धा तास आम्ही बोललो नाही. मग दोर चालू लागला. खरोखर, कोणी हळूच ओढून न्यावा तसा सरळ. मी उचलला. वीतभर शिंगटी हवेत चमकली. मोठ्या ऐटीत तिला धरायला गेलो आणि काटा अंगठ्यात घुसला. हे काटे ती ताठ करून असे अडकवते की मिटत नाहीत. मामांनी मात्र न पाहता बोटे कल्ल्यांमागच्या काट्यांच्या पाठीशी सरकवली आणि तिला अलगद सोडवले. ती 'कर्र कर्र' कुरकुरत होती. काट्याचे मूळ खोबणीत घासून ती हा आवाज काढते. मामांनी बोटांनी तिची लांबी मापली, "लहान आहे," म्हणाले, आणि पाण्यात सोडली. माझा अंगठा ठणकत राहिला.

त्या रात्री चार मिळाल्या, दोन घरी आणल्या. मामींनी कालवण केले. पानावर बसल्यावर मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारले, "मामा, पावसाळ्यात काय करता?"

"पावसाळ्यात गळ खुंटीला. नव्या पाण्याला ती अंड्यावर येते, चढणीला लागते. शेतांतून, ओहोळांतून लोक तिला काठ्यांनी मारतात. एका टोपलीत पुढच्या सालचा ओढा संपतो. मी जून ते सप्टेंबर दोर सोडत नाही. समुद्रात नाही का, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते?"

मामी भाकरी वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "मग तेवढे चार महिने पुण्याला जायला काय हरकत आहे? पूरही तेव्हाच, आणि गळही खुंटीलाच. औषधाचे थेंब तिथे सून वेळेवर घालेल. नवरात्राला परत. घर विकायचे काही कारण नाही."

कोणीच बोलेना. मामींनी पुढे अगदी सहज म्हटले, "२०१९ ला धान्याचे डबे मी एकटीने माळ्यावर चढवले. आता माझेही गुडघे राहिले नाहीत. मला कोणी विचारत नाही म्हणून सांगितले."

मामांनी मान खाली घालून भाकरी मोडली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिंग आज बरोबर पडला होता."

मी पुण्याला परतलो तो मामेभावाने विचारले, "काय झाले?" मी म्हणालो, "तुझे काम मी केले नाही, मामींनी केले." त्याला घर विकायला हवे होते, ते झाले नाही. चार महिन्यांवर त्याने थोडी कुरकुर केली, शिंगटी करते तशी, आणि मग गप्प बसला.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे पुण्याला आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. थेंब वेळच्या वेळी पडले. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मामा पाऊस ऐकत बसत. एकदा मला म्हणाले, "आता तिकडे नवे पाणी आले असेल." घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघे गावी गेली. पुढच्या वर्षी मामांना समोरचे तरी कितपत दिसेल, सांगता येत नाही. पण दोर बोटावरूनच जातो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मी त्या ओढ्यावर असेन. या खेपेला मला कोणी पाठवलेले नाही. पिशवीत मामींसाठी पुण्याहून चांगल्या हिंगाची डबी घेतली आहे. आमच्या कुटुंबाने विचारले, "फराळाला की पाहुण्यांना?" मी म्हणालो, "मळणाऱ्याने ठरवायचे."