गराजमध्ये गोळ्या घडवणाऱ्या मराठी मित्रांना

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीचा नाद लागलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. गराजमध्ये लेथ आलं की ओतीव शिशाची गोळी दाबून नेमक्या मापाला आणणारी (म्हणजे स्वेजिंगची) डाय आपणच करावी, असं वाटू लागतं. त्यात गैर काही नाही. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई होती तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी अशाच डाय केल्या, आणि त्यातूनच ‘आरसीबीएस’ ही कंपनी उभी राहिली. हातात कसब असेल तर हे काम घरी होतं. राज्याचे नियम आधी पाहून घ्या. गोळ्या विकायचा विचार असेल तर फेडरल परवाना लागतो.

मात्र ही डाय भोसरीतल्या चुलतभावाकडून किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मित्राकडून स्वस्तात करून घेऊ नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे. ड्रॉइंगवर ‘बुशिंग’ लिहिलंत म्हणून कायदा बदलत नाही. तुम्ही सुटाल, तो अडकेल, आणि हे भोक कशासाठी पाडतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल. वर्कशॉपवाल्यांनाही विनंती आहे: परदेशातून असं ड्रॉइंग आलं तर वस्तू कशासाठी आहे ते विचारल्याशिवाय काम हाती घेऊ नका.

आता डाय वापरण्याविषयी. कडक शिशावर जोर केला तर ती तडकू शकते. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता ५ च्या आसपास असते, गाडीच्या चाकाला लावायच्या जुन्या वजनांची १२ च्या आणि छापखान्यातल्या लायनोटाइप धातूची २२ च्या घरात. अँटिमनी वाढलं की दाब खूपच जास्त लागतो, आणि काडतुसं भरायची साधी प्रेस त्या दाबासाठी बनवलेली नसते. मऊ शिसंच वापरा. लीव्हरला पाइप अडकवून जोर लावू नका. चष्मा घातल्याशिवाय प्रेसपुढे उभे राहू नका.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. स्वेजिंगमध्ये आग नाही, धूर नाही, म्हणून ते निर्धोक वाटतं. गोळ्या ओतताना भीती वाटते ती वाफेची, पण शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं आणि नेहमीच्या ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. ते पोटात जातं हातावरून. वितळलेल्या शिशावरच्या मळीची पूड, डायमधून बाहेर आलेला कीस, वापरलेली काडतुसं घासून स्वच्छ करताना उडणारी धूळ, हे सगळं बोटांना, शर्टाला, बुटांना लागतं आणि तसंच घरात येतं. घरात रांगणारं मूल असेल तर ते जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. लहान मुलाचं शरीर खाल्लेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं खरं, पण हाडात बसलेलं दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात ते आईच्या हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचतं.

म्हणून स्वयंपाकघरात शिसं वितळवू नका, आणि त्या कामाचं भांडं परत स्वयंपाकाला घेऊ नका. गराजमध्ये चहा नको, सिगारेट नको. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कामाचे कपडे-बूट तिथेच राहू द्या आणि कपडे वेगळे धुवा. हात साबणानं धुतल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नका, ते कितीही धावत आलं तरी.

आणि रक्ताची तपासणी करून घ्या. डॉक्टरला हा छंद स्पष्ट सांगा, नाहीतर पोटदुखी, चिडचिड, वाढलेला रक्तदाब यांचं कारण तो भलतीकडेच शोधत बसेल. अमेरिकेत मुलांसाठी दर डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा २०२१ पासून इशाऱ्याचा मानतात, पण त्याखालचं शिसंही सुरक्षित ठरलेलं नाही. मुलाचा आकडा वर गेलेला दिसला तर शिसं कुठून येतंय ते सापडेपर्यंत प्रेस बंद ठेवा.