विश्लेषण : समुद्रात डॉल्फिन दिसला, तर त्याची नोंद का हवी?

हर्णै, तारकर्लीपासून गोव्यापर्यंत पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी रोज समुद्रात जातात. चित्रफिती मोबाइलवर फिरतात आणि विसरल्या जातात. याच चित्रफितीसोबत तारीख, वेळ आणि ठिकाण असेल, तर ती संवर्धनासाठी पुरावा ठरते. कशी?

आपल्या किनाऱ्यावर कोण?

कोकणात किनाऱ्यालगत प्रामुख्याने हम्पबॅक डॉल्फिन दिसतो. जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. पाठीवर पर नसलेला, लाजाळू फिनलेस पॉरपॉइज सहसा नजरेत येत नाही. खोल पाण्यात ब्राइड्स व्हेल आढळतो. अरबी समुद्रातील हम्पबॅक व्हेल तर ध्रुवाकडे स्थलांतर न करता इथेच राहतात. ओमानमध्ये उपग्रह टॅग लावलेली ‘लुबान’ ही मादी २०१७च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली होती.

नोंदींतून साधते काय?

बंदर, जलमार्ग किंवा मासेमारीचे नियम ठरवताना प्राणी कुठे आणि कधी असतात, हे माहीत असावे लागते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ब्लू व्हेल आणि मालवाहू जहाजे एकाच पट्ट्यात येतात, हे अभ्यासातून दिसले. त्यानंतर ‘एमएससी’ कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजे अधिक दक्षिणेकडून नेण्यास सुरुवात केली. आपल्याकडे सिंधुदुर्ग ते कारवार हा पट्टा सागरी सस्तन प्राण्यांचे महत्त्वाचे क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत आहे. मात्र त्या दर्जाने कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

मच्छीमारांचा संबंध काय?

डॉल्फिन आणि व्हेल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. जाळ्यात चुकून डॉल्फिन मेला, तर कारवाईच्या भीतीने ती गोष्ट दडवली जाण्याची शक्यता असते. राज्याने २०१८ मध्ये यावर एक वाट काढली. संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेची छायाचित्रे हीच मग नोंद होते. प्रश्न निर्यातीचाही आहे. सागरी सस्तन प्राण्यांना मासेमारीतून होणारी इजा रोखण्याचे उपाय अमेरिकेच्या नियमांच्या तोडीचे असल्याशिवाय मासळी आयात होणार नाही, असा नियम त्या देशाने १ जानेवारी २०२६ पासून लागू केला आहे. त्यासाठी आकडे लागतातच.

नोंद कशी करावी?

तारीख, वेळ, मोबाइलवरील जीपीएस स्थान, अंदाजे संख्या आणि पिल्ले आहेत का, हे लिहावे. पाठीच्या पराचे बाजूने छायाचित्र घ्यावे. त्यावरील खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. ‘देवमासा’ एवढेच लिहू नये, कारण व्हेल शार्कलाही अनेक जण तेच म्हणतात. व्हेलची शेपटी आडवी, तर शार्कची उभी असते. फोटोसाठी बोट जवळ नेऊ नये. किनाऱ्यावर अडकलेला प्राणी दिसल्यास स्वतः ढकलण्याऐवजी वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मर्यादा कोणती?

जिथे बोटी जास्त, तिथे नोंदी जास्त. म्हणजे तिथेच डॉल्फिन जास्त, असे नव्हे. म्हणून किती तास समुद्रात होतो आणि काहीच दिसले नाही, हेही लिहायला हवे. ‘आज एकही दिसला नाही’ ही ओळ वर्षानुवर्षे साठली, तरच डॉल्फिन कमी होत आहेत की नाही, हे वेळेत कळेल.