चाकांवरचें घर व बिनज्वालेची चूल

घर म्हटलें कीं चूल आली. मग तें घर दगडविटांचें असो कीं चाकांवर धांवणारें असो. अमेरिकेंत, युरोपांत व ऑस्ट्रेलियांत मोटरहोम नांवाच्या गाड्या फार दिवसांपासून प्रचारांत आहेत. त्यांत निजण्याची, स्नानाची व रांधण्याची सोय असते, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें आठवड्यांचे आठवडे त्यांत राहतात. महाराष्ट्र शासनानेंही सन २०२१ मध्यें अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें; तेव्हां हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका राहिलेला नाहीं. या गाड्यांतून आजवर बहुधा गॅसची शेगडी असे. आतां तिच्या जागीं विजेची इंडक्शन शेगडी बसविण्याचा प्रघात वाढत आहे, व तो योग्य कीं अयोग्य याविषयीं वाद चालतो. आमचा कौल नव्या शेगडीच्या बाजूनें आहे. परंतु तो बिनशर्त नाहीं.

प्रथम ही शेगडी काम कसें करते तें पाहूं. सन १८३१ मध्यें मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलानें असें दाखवून दिलें कीं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. इंडक्शन शेगडीच्या कांचेखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतील प्रवाह सेकंदांत वीस हजारांहून अधिक वेळां उलटसुलट होतो, आणि त्यायोगें वर ठेवलेल्या भांड्याच्या लोखंडी बुडांतच प्रवाहाचे भोंवरे उठून तें तापतें. कांच तापते ती केवळ भांड्याच्या उष्णतेनें. एखादें भांडें येथें चालेल कीं नाहीं हें ओळखावयाचें असल्यास बुडास लोहचुंबक लावून पाहावा. ॲल्युमिनियमचा साधा कुकर, पितळेचें पातेलें, मातीचें मडकें हीं निरुपयोगी. गोल बुडाची कढईही नीट तापत नाहीं.

पक्क्या घरांत गॅस व वीज यांमधील निवड ही बहुतेक खर्चाची व सोयीची बाब असते. गाडींत ती जिवाची होते. तेथें चूल व बिछाना यांत एका हाताचें अंतर असतें. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड. गळला तर तळाशीं सांचून राहतो. ज्वालेस पुरेशी हवा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेल्या माणसास तो जागेंही करीत नाहीं. थंडीच्या रात्रीं खिडक्या लावून शेगडीच्या उबेस बसलेलीं माणसें अशा वायूनें प्राणांस मुकलीं आहेत. शिवाय एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारें दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती गाडीच्या भिंतींवर व अंथरुणांत शिरते. लहान मुलें बरोबर असतां एवढा धोका पत्करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परंतु नव्या शेगडीचे भक्त जेव्हां म्हणतात कीं छतावरच्या सौर पट्ट्यांमुळें आतां स्वयंपाक फुकट झाला, तेव्हां आम्हांस पाटी-पेन्सिल घ्यावीशी वाटते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८७ वॅट-तास लागतात. शेगडी व इन्व्हर्टर यांतील गळती धरतां सुमारें ११५ होतात. १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. म्हणजे अकरा लिटर पाण्यास आधण आलें कीं ती रिकामी! दिवे, पंखा व शीतपेटी यांचें काय? उलट एक किलो गॅसमध्यें सुमारें १३ युनिट उष्णता असते. अशा दहा बॅटऱ्यांएवढी. ज्वालेची पुष्कळ उष्णता भांड्याच्या बाजूनें निघून जाते हें खरें, तरी गॅसच्या पक्षाचें हें म्हणणें बळकट आहे व तें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

दुसरी गोष्ट तारांची. १८०० वॅटची शेगडी चालतांना बारा व्होल्टच्या बॅटरींतून दीडशेंहून अधिक अँपिअर वाहतात. तेथें बारीक तार घातली तर ती तापून पेट घेईल, आणि ज्वाला टाळण्यासाठीं केलेला खटाटोप ज्वालेंतच संपेल. हें काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें. तळावर वीज मिळते म्हणून निश्चिंत होणेंही बरें नव्हे. फ्रान्समधील कित्येक तळांवर केवळ ६ अँपिअर, म्हणजे १३८० वॅट मिळतात. आंच मंद ठेवून भागेल म्हणावें, तर पुष्कळशा स्वस्त शेगड्या मंद आंचेवरही पूर्ण शक्तीनेंच चालतात, फक्त थांबून थांबून. आणि कांहीं गृहस्थ शेगडीसाठीं खिडकीखालीं पेट्रोलचें जनित्र चालू ठेवतात! तोच विषारी वायु आंतून बाहेर नेऊन पुन्हा खिडकींतून आंत घेण्याचा हा उद्योग पाहून हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं.

मग उपाय काय? लोक म्हणतात, दुसरी बॅटरी घ्या, तिसरी घ्या. आम्ही म्हणतों, आधीं झांकण घ्या. डाळ व कडधान्यें रात्रीं भिजत घालावीं. सपाट लोखंडी बुडाचा पोलादी कुकर वापरावा. भाताला उकळी आल्यावर थोड्या वेळानें भांडें उतरून जाड घोंगडींत गुंडाळावें, म्हणजे तो आपल्याच उष्णतेंत मुरतो. मुख्य जेवण दुपारीं, पट्ट्यांवर ऊन असतां करावें. हें शहाणपण आमच्या घरोघरच्या आजीबाईंस, लांकूडफाटा जपून वापरतांना, पुस्तकावांचून अवगत होतें. त्यांच्या सवयी ज्या गाडींत चढल्या तिला एक बॅटरी पुरेल. ज्या गाडींत नाहींत तिला चारही अपुऱ्या पडतील.

कांहीं गोष्टींस मात्र मुकावें लागेल. भाकरी विस्तवावर टम्म फुगावयाची नाहीं. तव्यावरच फडक्यानें दाबून ती शेकली तर खातां येते, पण ती चव नव्हे. वांग्याच्या भरिताची हौस घरीं परतल्यावर भागवावी.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं इंडक्शन शेगडी आहे त्यांनीं आईच्या परवानगीनें एक प्रयोग करावा. एकच डाळ, सारख्याच मापानें, एक दिवस न भिजवितां व उघड्या पातेल्यांत, दुसऱ्या दिवशीं भिजवून व कुकरांत शिजवावी. दोन्ही वेळां घरांतील इतर उपकरणें बंद ठेवून विजेच्या मीटरवरील आंकडे आधीं व नंतर टिपून ठेवावे. सुट्टी संपल्यावर ते आंकडे वर्गांत आणावे. आम्ही ते फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडूं.