बदकाच्या पायातली कडी

आठवीतल्या एका मुलाने परवा मधल्या सुट्टीत मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं कुठलंसं तळं. पहाटेचा अंधार, गवताच्या आडोशाला आई, बाप आणि दोन मुलं दबा धरून बसलेली, पाण्यावर खोटी बदकं तरंगत ठेवलेली. शिकारीचा क्लब, तोही कुटुंबासाठी. मुलाचे प्रश्न दोन होते : "सर, आपल्याकडे असा क्लब काढता येईल का? आणि बदक हलाल आहे ना?"

दुसऱ्याचं उत्तर लगेच दिलं. पंजाने झडप घालणारे पक्षी मना, बदक जायज. मात्र नुसत्या मौजेसाठी जीव घेऊ नये ही ताकीदही आपल्याच दीनमध्ये आहे. पहिल्याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा परवान्यावर थोड्याफार शिकारीला वाव होता, १९९१ च्या दुरुस्तीने तोही संपला. अमेरिकेत आजही बदकाच्या शिकारीला मुभा आहे, पण तिथे १९३४ पासून शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. व्हिडिओत ते दिसत नाही.

घरी आल्यावर वाटलं, मुलाला अर्धंच सांगितलं. कारण आपल्याकडेही शिकाऱ्यांची अशी एक मंडळी होती आणि तिच्या कारभारात मुस्लिम घराण्यांचा वाटा मोठा होता.

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. सहा इंग्रज आणि दोन आपले मराठी डॉक्टर, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या काळात संस्थेचा संसार फिप्सन नावाच्या साहेबाच्या दारूच्या दुकानाच्या जागेत होता. (हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात आणि मग पुढचं सगळं लक्ष देऊन ऐकतात.) सभासदांत शिकारीचे शौकीन भरपूर. कोणी वाघाची कातडी आणायचा, कोणी बदकांच्या नोंदी. त्यातले एक सभासद खेतवाडीचे अमीरुद्दीन तय्यबजी. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून बहिणीची पोरकी मुलं त्यांनी आणि हमीदा बेगम यांनी आपल्या घरी वाढवली. त्यातला एक सलीम. मामूंनी त्याला छर्‍याची बंदूक दिली होती आणि चिमण्या मारून, तळून खाणं हा पोरांचा खेळ होता.

१९०८ च्या सुमारास सलीमने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. नेहमीची चिमणी नव्हे. मग मुसलमानाने खावी की नाही? पोरगं पक्षी घेऊन मामूंकडे गेलं. मामूंना सांगता येईना. त्यांनी "खा रे" म्हणून वाटेला लावलं नाही की रागावून फेकूनही दिलं नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून भाच्याला सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. मिलर्ड साहेबांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या पोरासमोर मांडले. ती रानचिमणी होती, आणि ते पोरगं म्हणजे डॉ. सलीम अली. शिक्षक म्हणून मला त्या चिठ्ठीचं फार अप्रूप वाटतं. आपल्याला येत नाही हे मोठ्या माणसाने लहानासमोर कबूल करून पुढच्या दारापर्यंत पोचवणं, हे आमच्या पेशातसुद्धा सगळ्यांना जमत नाही.

पुढे १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. मुक्कामांवर बेगम तहमीना सोबत असत. या आप्तमंडळींतलेच हुमायूँ अब्दुलअली पक्के शिकारी, पण मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचाच हात होता. जफर फतेहअलींनी सोसायटीचं सचिवपद सांभाळलं, लईक फतेहअलींनी सलीम अलींबरोबर सामान्य वाचकांसाठी पक्ष्यांचं पुस्तक लिहिलं. घरचाच कारभार म्हणा ना.

या मंडळींपैकी कोणी शिकारीला शिव्या दिल्या नाहीत. पण शिकारीचं दुसरं रूपही त्यांनी पाहिलं होतं. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. कोण खाणार होतं एवढे? योगायोग असा की त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षं पूर्ण होत होती. पुढे तेच तळं राखण्यासाठी ते झगडले, आणि १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं.

त्याच तळ्यावर सोसायटीने पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमच्या कड्या घालायचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. सुरुवात फार आधी, १९२७ च्या सुमारास धारच्या महाराजांच्या मदतीने झाली होती. कडीवर नंबर आणि मुंबईला कळवा अशी इंग्रजी सूचना. पक्षी जिथे सापडेल तिथल्या माणसाने कळवायचं, म्हणजे तो कुठून कुठे गेला ते समजतं. पण जिवंत बदक इजा न करता पकडणार कोण? त्यासाठी बिहारचे मीरशिकार बोलावले. पिढ्यानपिढ्या पाखरं धरणारी ही मुस्लिम जमात. त्यातले अली हुसेन हे सोसायटीच्या कामामुळे जगभरच्या पक्षितज्ज्ञांना माहीत झाले. वडिलांकडून आलेले तेच फास, तीच जाळी. फरक एवढाच की धरलेला पक्षी आता कडी घालून परत सोडायचा.

आणि इथेच माझ्या घरची गोष्ट येते.

१९९२ च्या आसपासचा हिवाळा. माझ्या मामूंकडे ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी म्हणून. थंडीत तलावावर थापट्या, तलवार बदक, सुर्खाब उतरायचे. मामू पहाटे जायचे, कंबरेला सुरी असायची, कारण पक्षी जीव जायच्या आत हाती लागला पाहिजे. त्या दिवशी सुर्खाब आणला. आम्ही पोरं पिसांसाठी भांडत होतो (आपल्यात म्हणतातच, तुझे क्या सुर्खाब के पर लगे हैं?) आणि मामीने पाय कापताना कडी पाहिली. शाळेत इंग्रजी सुरू झालेला मी एकटाच. अक्षरं लावून वाचलं : मुंबईला कळवा.

मामूंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सरकारने पक्ष्यावर पाळत ठेवलीय, कळवलं की पोलीस येणार. त्या दिवशीचं सालन कोणाला गोड लागलं नाही. बंदूक पुढे जमा झाली. कडी मात्र अम्मीच्या बटणांच्या डबीत राहिली, आणि डबीबरोबर माझ्याकडे आली.

त्या मुलाला दाखवायला म्हणून मी ती काढली. वर्गभर फिरली. "सर, मग तुम्ही कळवलं का नाही?" त्यानेच विचारलं. तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही.

रविवारी मामूंकडे गेलो. कान मंद झालेत, पण कडी हातात दिल्यावर ओळखली. "इत्ते साल हुए बेटा, अब किसको क्या पडी है?" म्हणाले. मी सांगितलं, हे पोलिसांचं नव्हतं, मुंबईत लोक वाट बघत असतात, पाखरू कुठवर पोचलं म्हणून. बराच वेळ कडी बोटात फिरवत बसले. मग तलावाची बाजू सांगितली, महिना सांगितला, त्या वर्षी धाकट्या मावशीचं लग्न होतं त्यावरून साल पक्कं केलं. आणि म्हणाले, नाव लिही माझं, चोरून काही नको.

पत्र आठवीच्या वर्गानेच लिहिलंय, मराठीतून. पत्ता हॉर्नबिल हाउस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई. अडचण एकच आहे. नंबरातला शेवटचा आकडा झिजलाय, निम्मा वर्ग ३ म्हणतो, निम्मा ८. दोन्ही लिहिलेत.