विहिरीतील नायट्रेट : आराखडा करायचा कोणी?

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील ३५ टक्क्यांहून अधिक भूजल नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. पिण्याच्या पाण्यासाठी ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटला रंग किंवा वास नसतो आणि पाणी उकळून ते जात नाही. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. ते येते कुठून? जादा युरिया, उघडे उकिरडे आणि गावाचे सांडपाणी यांतून.

सध्या कोणाकडे काय?

- प्रदूषण नियंत्रण मंडळ : नद्या-विहिरींच्या प्रदूषण नियंत्रणाचा कार्यक्रम आखणे हे १९७४ च्या जल कायद्याने मंडळाचे काम आहे. पण मुख्य हत्यार संमतीपत्राचे. ते कारखाना आणि सांडपाण्यावर चालते, शेतातून झिरपणाऱ्या पाण्यावर नाही.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा : पाणी तपासते, दोष दाखवते. खताची मात्रा तिच्या हातात नाही.
- जलसंपत्ती नियमन प्राधिकरण : २००९ च्या भूजल कायद्यानुसार हेच राज्य भूजल प्राधिकरण. अधिसूचित क्षेत्रात भूजल वापर आणि पीक आराखड्याची तरतूद आहे. मात्र चर्चा होते ती पाणी किती उपसले याची.
- कृषी विभाग : माती परीक्षण, खतांच्या शिफारशी आणि गावोगावचे सहायक कृषी अधिकारी याच विभागाकडे.

खरी अडचण

राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांसाठी प्रत्येक राज्यात समिती नेमायला सांगितली. त्यात पर्यावरण, नगरविकास, उद्योग आणि प्रदूषण मंडळाचे अधिकारी होते. कृषी विभाग नव्हता. नळीतून येणाऱ्या प्रदूषणासाठी ही रचना ठीक. पण हजारो शेतांतून थोडे थोडे झिरपणारे नायट्रेट तिच्या नजरेतून सुटते. म्हणून पाणलोटाच्या आराखड्यात नायट्रेटचे उद्दिष्ट लिहिले जावे आणि ते गाठण्याची जबाबदारी भूजल यंत्रणा व कृषी विभाग यांच्यावर संयुक्तपणे, नाव घेऊन टाकली जावी. तपासणारा एक आणि सल्ला देणारा दुसरा राहिला, तर अहवाल येत राहतील आणि विहीर तशीच राहील.

आपण काय करावे?

१. विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासून घ्या. गावच्या स्रोतांचे अहवाल ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे मागा.

२. पाण्यातील नत्र खताच्या हिशेबात धरा. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. असे १० सेंमी पाणी हेक्टरी दिले, तर १० किलो नत्र पिकाला मिळते. नायट्रेट ९० असेल तर २० किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास एका गोणीइतके. तेवढा युरिया कमी करा.

३. उर्वरित नत्र हप्त्याहप्त्याने द्या. मोठ्या पावसाच्या किंवा भरपूर पाट पाण्याच्या आधी युरिया टाकू नका.

४. उकिरडा विहिरीपासून दूर हलवा, खताच्या खड्ड्याचा तळ पक्का करा.

५. ग्रामसभेत पाण्याच्या ताळेबंदासोबत नायट्रेटचे आकडेही वाचायला लावा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना त्या बैठकीस बोलवा. वरची जबाबदारी ठरेपर्यंत गावाने निदान आपला आकडा तरी हाताशी ठेवावा.