नव्वद टक्के पडले, सातबारा कोण वाचणार?

दहावी-बारावीचा निकाल लागला की जालन्यात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पोराचा फोटो, नव्वद टक्के, खाली शुभेच्छुकांची रांग. अशी पोरं भेटली की मी विचारतो, घरचं शेत किती? ‘तीन एकर.’ सातबाऱ्यावर किती लिहिलंय? पोरगं गप्प. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, साधारण अडीच एकर, हे शेतकऱ्याच्या पोराला बारा वर्षांच्या शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो, तेही नाही. मी वकिली करतो. त्या एका रकान्याकडे न बघितल्यामुळे आयुष्यभराची पुंजी अडकलेली घरं मी रोज बघतो, आणि त्यातल्या प्रत्येक घरात शिकलेलं पोरगं असतं.

2025 मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अनुदान घोटाळा उघडा पडला. अतिवृष्टीने पीक गेलेल्यांसाठी आलेले कोट्यवधी रुपये. शेतीच नसलेल्यांची नावं यादीत, काहींचं क्षेत्र फुगवलेलं, काही नावं दोनदा. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. खाणाऱ्यांना तुरुंगात घाला, माझं त्यात दुमत नाही. पण गावागावांत बारावी, बीएस्सी, डीएड झालेली पोरं पारावर बसून आहेत, आणि गावाच्या नावावर आलेला पैसा कुणाकुणाच्या खात्यात गेला हे विचारायची सवय त्यांना कुणीच लावलेली नाही, याचा मला जास्त संताप येतो. हिशेब तरी किती अवघड आहे? 2025 मध्ये केंद्राच्या मदत निकषात जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, मोसंबीसारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500 होते. बापाचं 1 हेक्टर 20 आर कोरडवाहू गेलं असेल तर 10,200 रुपये यायला पाहिजे होते. सहावीचं गणित आहे हे.

एका सेवा केंद्रावर एक बाप अनुदानाच्या ई-केवायसीला आला होता. हातात विशिष्ट क्रमांकाची चिठ्ठी, सोबत अकरावी सायन्सचं पोरगं, मोबाईलमध्ये मुंडी घातलेलं. केंद्रचालक म्हणाला, ‘मामा, अंगठा ठेवा.’ मामांनी ठेवला. स्क्रीनवरचं क्षेत्र, रक्कम, बँकेचं नाव मामांच्या नजरेला दिसत नव्हतं. पोराला दिसलं असतं, त्याने मान वर केली नाही. मी म्हटलं, ‘अरे, वाच की काय लिहिलंय ते.’ तो म्हणाला, ‘काका, ते पप्पा बघतात.’ आणि बाप कौतुकाने म्हणाला, ‘त्याला ह्यातलं काही सांगत नसतो आम्ही. त्याचा अभ्यास आहे.’

हे कौतुक पोराच्या मुळावर उठलंय. 1872 च्या करार कायद्याखाली अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. अठरा पूर्ण झाली की तीच सही मानेला फास होते. वर्गमित्राच्या मोटारसायकलच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करणारी पोरं माझ्याकडे येतात, नोटीस हातात घेऊन. ‘मी नुसती सही केली होती, साहेब.’ जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्याला कुणी आणि कधी सांगायचं होतं? ‘मोठा झाला की आपोआप शिकेल’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, ही नोटीस आली तेव्हा तो लहान होता का?

ठेवीचं तेच. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सोसायटीने ठेवी अडकवून मराठवाडाभरच्या माणसांना रडवलं. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, 4 फेब्रुवारी 2020 पासून. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला ते नाही. ही दोन वाक्यं नववीच्या पुस्तकात असती आणि घरातल्या एका पोराने ती आजीला वाचून दाखवली असती, तर किती म्हाताऱ्यांची पुंजी वाचली असती!

जालना तर बियाण्यांचं गाव. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपली पोरं यावर निबंध लिहितील. पण ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा म्हटलं, तर हात घालायला तयार नाहीत. सत्तर निघाले तर बियाणं पेरण्याजोगं, कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. पिशवी खालून फोडायची म्हणजे टॅग शाबूत राहतो. पावती, टॅग, पिशवी आणि मूठभर बियाणं जपून ठेवायचं. उगवलं नाही तर तक्रारीला हेच लागतं. यात कसलं अवघड विज्ञान आहे? आणि सोळा वर्षांच्या पोराच्या पाठीवर पंप देताना औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, निळा, हिरवा, एवढं तरी सांगा. यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तरी आपण शहाणे झालो नाही.

मुलींचं बोलायला घेतलं की सगळे म्हणतात, आमच्या पोरीला सगळं येतं. येतंच. आठव्या वर्षापासून भाकरी, धुणं, धाकटं भावंड, सगळं तिच्याच अंगावर. मंठा, परतूर, घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर तिला शाळेतून आधी काढतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जालना जिल्ह्यात हे प्रमाण साधारण तीनपैकी एक. घर चालवण्याचं सगळं तिला शिकवलं. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर, स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि बोहल्यावर उभं राहायच्या आधी ‘नाही’ म्हणायचा कायद्याचा आधार, हे मात्र मुद्दाम शिकवलं नाही. तिचा भाऊ संभाजीनगरला खोली करून राहतो, मेस बंद असली की उपाशी झोपतो. त्याला साधा भात लावता येत नाही, आणि याची त्याच्या आईला लाज वाटत नाही.

शाळांनी हात झटकू नयेत. राज्यात नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, श्रेणीसुद्धा मिळते. टँकरवर जगलेल्या या जिल्ह्यात तो जीव ओतून शिकवायला हवा होता. मी पाहिलेल्या वह्या मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेल्या होत्या, आणि त्यांवर तपासल्याची लाल सही होती. पालकांना मार्क हवेत, मास्तरांना निकाल हवा, क्लासवाल्याला फी हवी. पोराला काय हवं, याची विचारपूस या तिघांपैकी एकानेही केलेली नाही.

गावोगावच्या मुख्याध्यापकांना माझं उघड सांगणं आहे. येत्या 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की पोरांच्या हातावर चॉकलेट ठेवून त्यांना घरी पिटाळू नका. नववी-दहावीच्या पोरापोरींना ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर बसवा. तलाठ्याला चावडीवाचन करायला लावा. अनुदानाची यादी पोरांच्या हातात द्या, मोठ्याने वाचू द्या, आणि ज्याच्या नावावर शेत नाही त्याचं नाव आलं की तिथल्या तिथे विचारू द्या. सरपंचाला राग आला तर येऊ द्या.